दोन महिन्यांचा पाहुणा आणि उद्योगाचा हिशेब

उन्हाळ्याची चाहूल लागली की पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर येथील कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांकडे व्यवस्थापन संस्थांच्या पत्रांचा ओघ सुरू होतो. आमच्या विद्यार्थ्यास आपल्या आस्थापनेत प्रकल्पकार्य करण्याची संधी द्यावी, अशा आशयाचे हे पत्र असते. पत्राची भाषा विनंतीची असते आणि बहुतेक कंपन्या त्याकडे त्याच नजरेने पाहतात. कोणा परिचिताचा मुलगा असेल, जुन्या प्राध्यापकांचा शब्द मोडवत नसेल किंवा संस्थेशी संबंध राखायचे असतील, तर होकार दिला जातो. विद्यार्थी येतो, कोपऱ्यातल्या एका टेबलाशी बसून जुने अहवाल चाळतो आणि दोन महिन्यांनी प्रमाणपत्र घेऊन निघून जातो. विद्यार्थ्याची अट पूर्ण झाली, कंपनीने शिक्षणाला हातभार लावला, असे मानून दोन्ही बाजू विषय मिटवतात.

या व्यवहारात कंपनीने काय कमावले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आंतरवासिता म्हणजे विद्यार्थ्यावर केलेला उपकार, ही समजूत एकदा पक्की झाली की उपकाराचा हिशेब कोणी मांडत नाही. आणि हिशेब मांडला जात नाही म्हणूनच त्या दोन महिन्यांत हाती लागू शकणारे बरेच काही वाया जाते. वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना कामाचा अनुभव देणे हे नियोक्त्याच्या स्वतःच्या फायद्याचे आहे का, असल्यास कोणत्या अटींवर, याचा व्यवहारी विचार करण्याची वेळ आता आली आहे. कारण हे विद्यार्थी यापुढे मोठ्या संख्येने उद्योगांच्या दारात उभे राहणार आहेत.

मागणी वाढली, जागा तेवढ्याच

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांची उन्हाळी आंतरवासिता आपल्याकडे नवी नाही. अहमदाबाद आणि कोलकाता येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाल्या. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था १९६५ मधली. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या मध्यावर येणारे सुमारे दोन महिने प्रत्यक्ष उद्योगात घालवायचे, ही पद्धत अशा संस्थांमधून रूढ झाली आणि पुढे राज्यभर पसरलेल्या एमबीए महाविद्यालयांनी ती उचलली. अनेक दशके हा प्रकार तुलनेने मोजक्या विद्यार्थ्यांपुरता होता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मंजूर झाले आणि हे चित्र पालटू लागले. त्या धोरणाच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये शासन निर्णय काढले. त्यांनी ठरवून दिलेल्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाला, म्हणजे 'ऑन जॉब ट्रेनिंग'ला, स्वतंत्र श्रेयांक मिळाले. बी.कॉम. आणि एम.कॉम.च्या विद्यार्थ्यालाही आता कोणत्या ना कोणत्या आस्थापनेत काम केल्याचे दाखवावे लागते. त्यातच २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस यांसारखे पदवी अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले आणि राज्यात त्यांच्या प्रवेशासाठी सामायिक परीक्षा सुरू झाली. व्यवस्थापनाचे शिक्षण त्यामुळे पदवीच्या पातळीवरही अधिक औपचारिक झाले.

एवढ्या विद्यार्थ्यांना सामावून घेणे नामांकित मोठ्या कंपन्यांना शक्य नाही. हा भार मध्यम आणि लहान उद्योगांवर येणार आहे. भोसरी, चाकण, सातपूर, अंबड, वाळूज, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव येथील कारखाने, सहकारी बँका, वितरक, सनदी लेखापालांची कार्यालये, प्रक्रिया उद्योग यांच्याकडे ही पत्रे अधिकाधिक येऊ लागतील. या मंडळींकडे ना स्वतंत्र प्रशिक्षण विभाग असतो, ना फारसा मोकळा वेळ. त्यांनी हे काम गळ्यातले लोढणे मानले, तर श्रेयांकांची सारी व्यवस्था सही-शिक्क्यांपुरती उरेल. महाविद्यालयांच्या परिसरातील झेरॉक्सच्या दुकानांत तयार प्रकल्प-अहवाल मिळतात, हे उघड गुपित आहे. तो धंदा अधिक तेजीत येईल, एवढाच त्याचा परिणाम होईल.

दोन महिन्यांची मुलाखत

नियोक्त्याला होणारा पहिला आणि सर्वांत ठळक लाभ भरतीचा आहे. नोकरीची मुलाखत अर्धा-पाऊण तास चालते. त्या वेळात उमेदवार पाठ केलेली उत्तरे देतो आणि मुलाखत घेणारा अंदाज बांधतो. आठ आठवडे सोबत काम केलेल्या माणसाविषयी अंदाज बांधावा लागत नाही. तो वेळेवर येतो का, आकडा चुकला तर कबूल करतो का, कामगाराशी आणि गिऱ्हाइकाशी कसा बोलतो, अंगावर घेतलेले काम तडीस नेतो का, या गोष्टी नजरेसमोर आलेल्या असतात. नावाजलेल्या व्यवस्थापन संस्थांत अनेक कंपन्या उन्हाळी आंतरवासितेच्या अखेरीसच पसंतीच्या विद्यार्थ्यांना नोकरीचा प्रस्ताव देऊन टाकतात. 'प्री-प्लेसमेंट ऑफर' या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत परोपकारातून आलेली नाही. चुकीची नेमणूक किती महाग पडते, हे त्या कंपन्यांना ठाऊक असते. पगार, प्रशिक्षण, अर्धवट राहिलेली कामे, राजीनामा, पुन्हा जाहिरात आणि पुन्हा मुलाखती, हा सारा खर्च त्यात टळतो.

लहान कंपनीसाठी तर हा लाभ अधिकच मोलाचा आहे. महाविद्यालयांतील भरतीच्या हंगामात पहिला मान मोठ्या नावांना मिळतो. मध्यम आकाराच्या कारखान्याची पाळी येते तेव्हा चांगले विद्यार्थी आधीच निवडले गेलेले असतात. ज्या विद्यार्थ्याने कंपनीचे नावही ऐकलेले नाही, तो केवळ पगाराच्या आकड्याकडे पाहून नकार देतो. पण ज्याने तिथे दोन महिने काढले, त्याला मालक माहीत असतो, कामाचा आवाका माहीत असतो, पाच वर्षांत आपण कुठे पोहोचू याची कल्पना आलेली असते. मोठ्या कंपनीच्या एखाद्या विभागातल्या चाकोरीपेक्षा येथे अधिक जबाबदारी मिळेल, हे त्याने स्वतः पाहिलेले असते. जाहिरातीवर पैसे ओतून लहान उद्योगाला अशी ओळख विकत घेता येत नाही.

येथे उलट बाजूही ध्यानात घ्यावी लागते. ही मुलाखत दोन्ही बाजूंची असते. विद्यार्थी परत जाऊन वर्गात काय सांगतो, त्यावर त्या महाविद्यालयातील पुढच्या तुकड्यांचे मत बनते. कंपनीने दोन महिने त्याला चहाच्या कपांची आणि झेरॉक्सची कामे सांगितली असतील, तर तीही बातमी तेवढ्याच वेगाने पसरते.

पडून राहिलेली कामे

दुसरा लाभ कामाचा. प्रत्येक व्यवसायात अशी काही कामे असतात की ती केली पाहिजेत हे सर्वांना पटलेले असते, पण रोजच्या धबडग्यात त्यांना कोणी हात लावत नाही. गोदामात वर्षभर न हललेला माल कोणता आणि का पडून आहे? कोणत्या वितरकाची येणी सातत्याने थकतात? निविदा भरल्यावर जिथे काम मिळाले नाही, तिथे आपण नेमके कशात मागे पडलो? दुकानांतून मुदत संपून परत येणारा माल कोणत्या भागातून अधिक येतो? सहकारी बँकेत दोन वर्षे व्यवहार न झाल्याने निष्क्रिय ठरलेल्या खात्यांचे धनी बँकेपासून का दुरावले?

या प्रश्नांची उत्तरे शोधायला महागडा सल्लागार लागत नाही. चिकाटीने कागद तपासणारा, चाळीस दुकानांत जाऊन बोलणारा आणि आकड्यांची नीट मांडणी करणारा माणूस लागतो. व्यवस्थापनाचा विद्यार्थी नेमक्या याच गोष्टी वर्गात शिकत असतो. त्याच्यावर रोजच्या कामाचा बोजा नसतो आणि पूर्ण करायचा विषय एकच असतो.

अलीकडचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी विहित मुदतीत, म्हणजे करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, चुकती केली नाहीत, तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरासाठी खर्च म्हणून धरता येणार नाही, अशी तरतूद २०२३ च्या वित्त अधिनियमाने आली. त्यानंतर खरेदीदार कंपन्यांना आपल्या शेकडो पुरवठादारांपैकी सूक्ष्म आणि लघु उद्योग म्हणून नोंदणी कोणाची आहे, त्यांपैकी उत्पादक कोण आणि निव्वळ व्यापारी कोण, कोणाचे बिल किती दिवस थकते, याची छाननी करावी लागली. लेखा विभागाच्या नेहमीच्या माणसांवर हे काम टाकले की महिनाअखेरीची कामे रखडतात. वाणिज्य शाखेच्या दोन विद्यार्थ्यांना एका अनुभवी लेखापालाच्या देखरेखीखाली बसवले, तर काम मार्गी लागते. शिवाय कर, कायदा आणि पुरवठादारांशी असलेले नाते यांची सांगड कशी घातली जाते, हे त्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकाच्या दहा प्रकरणांपेक्षा अधिक कळते.

'असे का?' विचारणारा माणूस

तिसरा लाभ मोजता येत नाही, पण जाणते उद्योजक त्यालाच सर्वांत अधिक किंमत देतात. वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने काम करणाऱ्या माणसांना त्या पद्धतीतल्या विसंगती दिसेनाशा होतात. तोच आकडा आवक रजिस्टरमध्ये, मग संगणकातल्या तक्त्यात आणि मग टॅलीमध्ये असा तीनदा का भरला जातो, हा प्रश्न बाहेरून आलेल्या मुलीलाच पडतो. 'आमच्याकडे पहिल्यापासून असेच चालते' हे उत्तर मिळाले, की तिथे पैसे वाचवण्याची जागा आहे असे खुशाल समजावे. नव्या पिढीचा ग्राहक खरेदी कशी करतो, तक्रार कुठे मांडतो, कोणती जाहिरात न पाहताच पुढे सरकवतो, हेही विशीतल्या विद्यार्थ्याला पन्नाशीतल्या विक्री व्यवस्थापकापेक्षा अधिक जवळून माहीत असते.

याला जोडूनच आणखी एक फायदा आहे. विद्यार्थ्याची जबाबदारी साधारणपणे तीन-चार वर्षांचा अनुभव असलेल्या कनिष्ठ अधिकाऱ्याकडे दिली जाते. आजवर या अधिकाऱ्याने फक्त स्वतःचे काम केलेले असते. दुसऱ्याला काम समजावून देणे, त्याचे भाग पाडणे, मुदत ठरवणे, चूक दाखवताना माणूस न दुखावणे, ही नेतृत्वाची पहिली तालीम त्याला येथे मिळते. उद्याचा विभागप्रमुख कोण होऊ शकेल, याचा अंदाज वरिष्ठांना अशा छोट्या जबाबदारीतून येतो.

खर्चाची बाजू

या सर्वांना किंमत मोजावी लागते आणि ती लपवून हिशेब पूर्ण होत नाही. मार्गदर्शक अधिकाऱ्याने आठवड्याला तीन तास दिले, तर आठ आठवड्यांत त्याचे २४ तास, म्हणजे कामाचे तीन पूर्ण दिवस खर्च होतात. महिना दहा हजार रुपये विद्यावेतन धरले, तर दोन महिन्यांचे वीस हजार होतात. संगणक, बसायची जागा, प्रवेशपत्र, गोपनीयतेचा करार ही व्यवस्था वेगळी. ग्राहकांची वैयक्तिक माहिती विद्यार्थ्याच्या हाती देताना २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे भान ठेवावे लागते. ज्या तक्त्यात नाव आणि दूरध्वनी क्रमांकाची गरज नाही, तिथून ते आधीच काढून टाकावेत, ही साधी खबरदारी अनेक ठिकाणी घेतली जात नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा घटक वेळेचा आहे. पहिले दोन आठवडे विद्यार्थ्याला व्यवसाय समजून घेण्यात जातात. शेवटचा आठवडा अहवालात जातो. आठ आठवड्यांच्या आंतरवासितेत कंपनीला खऱ्या अर्थाने उपयोगी पडणारे आठवडे पाचच उरतात. आंतरवासिता जितकी आखूड, तितका नियोक्त्याचा तोटा अधिक, असा याचा सरळ अर्थ आहे. पदवी अभ्यासक्रमातील चार श्रेयांकांचे प्रशिक्षण १२० तासांचे धरले, तर रोज आठ तासांप्रमाणे ते १५ दिवसांत संपते. सलग पंधरा दिवसांत कोणताही विद्यार्थी कंपनीच्या उपयोगी पडण्याइतका तयार होत नाही. तेच १२० तास आठवड्याला दोन दिवस असे विभागले, तर विद्यार्थी साडेसात आठवडे कंपनीशी जोडलेला राहतो. मधल्या दिवसांत वाचन होते, शंका पडतात, त्या प्राध्यापकांना विचारता येतात. महाविद्यालयांच्या वेळापत्रकात असा बदल मागण्याचा अधिकार उद्योगांना आहे, पण तो मागितला जात नाही.

जर्मनी आणि स्वित्झर्लंडचा धडा

हा हिशेब काटेकोरपणे मांडण्याची परंपरा युरोपात, विशेषतः जर्मन भाषक देशांत आहे. तेथील शिकाऊ उमेदवारीच्या खर्च-लाभाचा अर्थशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे अभ्यास केला आहे आणि त्यातून एक लक्षणीय फरक पुढे आला. स्वित्झर्लंडमधील बहुसंख्य कंपन्यांचा खर्च प्रशिक्षणाच्या काळातच भरून निघतो. जर्मनीतील कंपन्यांना मात्र त्या काळात सरासरीने पदरमोड करावी लागत असे आणि उमेदवार पुढे नोकरीत टिकला की ती वसूल होत असे. या फरकामागची कारणे बोधप्रद आहेत. स्विस कंपन्या उमेदवाराला उत्पादक कामात अधिक वेळ गुंतवतात, तर जर्मन कंपन्यांत सरावासाठी दिलेल्या कामांचे प्रमाण अधिक आढळले. स्वित्झर्लंडमध्ये कुशल कामगाराच्या वेतनाच्या तुलनेत शिकाऊ उमेदवाराचे वेतनही कमी असते.

ही अभ्यासणी प्रामुख्याने व्यावसायिक प्रशिक्षणाची आहेत. पण जर्मनीने हेच तत्त्व व्यवस्थापनाच्या पदवीलाही लावले. स्टुटगार्ट परिसरातील बॉश आणि डाइमलर-बेंझ यांसारख्या कंपन्यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये तिथे एक नवी शिक्षणपद्धती सुरू झाली. विद्यार्थ्याने आधी कंपनीशी करार करायचा, साधारण तीन महिने वर्गात आणि तीन महिने कंपनीत अशा आवर्तनांत शिकायचे आणि संपूर्ण काळ कंपनीकडून वेतन घ्यायचे, असे तिचे स्वरूप होते. या संस्थेला २००९ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याचे द्वैध विद्यापीठ असा दर्जा मिळाला. तेथे कंपनी ही पाहुण्याला जागा देणारी यजमान नसते. ती शिक्षणातली भागीदार असते आणि कोणता विद्यार्थी घ्यायचा हेही तीच ठरवते. पैसे तिचे गुंतलेले असल्याने विद्यार्थी रिकामा बसणे तिला परवडत नाही.

महाराष्ट्रातील उद्योगांसाठी यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. आंतरवासितेतून लाभ होतो की तोटा, हे विद्यार्थ्याच्या हुशारीवर जेवढे अवलंबून असते, त्याहून अधिक त्याला खरे काम दिले जाते की नाही यावर असते.

फुकटचे महाग पडते

आपल्याकडे मात्र लाभाचा एक वेगळाच आणि घातक अर्थ रूढ झाला आहे. विमा, क्रेडिट कार्ड, डीमॅट खाती यांच्या विक्रीसाठी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांचा उन्हाळी फौजेसारखा वापर होतो. 'विपणन प्रकल्प' या नावाखाली त्यांना विक्रीचे लक्ष्य दिले जाते. विद्यार्थी मामा, काका, शेजारी यांच्या गळ्यात पॉलिसी मारतो आणि लक्ष्य गाठतो. कंपनीच्या त्या तिमाहीच्या आकड्यांत वाढ दिसते. मात्र भिडेपोटी घेतलेली पॉलिसी दुसऱ्या वर्षीचा हप्ता न भरता बंद पडण्याचा धोका मोठा असतो. ग्राहक नाराज होतो, विद्यार्थी काही शिकत नाही आणि कंपनीच्या नावाला बट्टा लागतो तो वेगळाच.

विनावेतन आंतरवासितेचेही असेच आहे. पैसे वाचले, असे वरवर वाटते. परंतु पुण्यात किंवा मुंबईत दोन महिने स्वतःच्या खर्चाने राहणे कोणाला परवडते? ज्याचे घर त्याच शहरात आहे किंवा ज्याचे पालक खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे देऊ शकतात, त्यालाच. नंदुरबार, बीड, गडचिरोली येथून आलेली आणि खडतर परिस्थितीतून वाट काढण्याची सवय असलेली मुले या अटीनेच बाद होतात. ग्रामीण बाजारपेठ काबीज करू पाहणारी कंपनी त्या बाजारपेठेची भाषा आणि नाडी जाणणाऱ्या मुलांना दारातूनच परत पाठवते. वीस हजार रुपये वाचवण्यासाठी निवडीचे क्षेत्रच आक्रसून घेण्याचा हा प्रकार आहे.

अमेरिकेत या प्रश्नाला न्यायालयीन वळण मिळाले. एका चित्रपटनिर्मितीत विनावेतन काम केलेल्या उमेदवारांनी फॉक्स सर्चलाइट कंपनीविरुद्ध दावा केला. त्यात २०१५ मध्ये अपील न्यायालयाने या व्यवहाराचा मुख्य लाभार्थी कोण, ही कसोटी मांडली. तेथील केंद्रीय कामगार विभागाने २०१८ मध्ये तीच स्वीकारली. मुख्य लाभ कंपनीला होत असेल, तर तो उमेदवार कर्मचारी ठरतो आणि त्याला वेतन द्यावे लागते. भारतात आंतरवासितेसाठी असा स्वतंत्र, सर्वंकष कायदा नाही. शिकाऊ उमेदवारी कायद्याबाहेरचे विद्यार्थी बहुतांशी कंपनीच्या सौजन्यावर अवलंबून असतात. तरीही कंपनीवर काहीच बंधन नाही, असे नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यातील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवारही येतात, मोबदला मिळत असो वा नसो. आलेल्या विद्यार्थिनीला अंतर्गत तक्रार समितीची माहिती पहिल्याच दिवशी देणे, हे त्यामुळे नियोक्त्याचे कर्तव्यच ठरते.

सरकारी योजनांचा अनुभव

नियोक्त्याचा स्वार्थ जागवल्याशिवाय ही गाडी पुढे जात नाही, हे सरकारी योजनांच्या अनुभवावरूनही दिसते. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. त्याचा भर बराच काळ कारखान्यांतील तांत्रिक कामांवर राहिला. अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांसाठी त्याचे दार २०१४ च्या दुरुस्तीने उघडले. ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असे २०१९ मध्ये बदललेले नियम सांगतात. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत पदवीधरांच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. तरीही लेखा, विपणन, पुरवठा साखळी अशा विभागांसाठी या तरतुदीचा वापर करता येतो, याची अनेक लहान उद्योजकांना कल्पना नसते.

केंद्राने २०२४ च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान आंतरवासिता योजना जाहीर केली. आघाडीच्या ५०० कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना वर्षभराचा अनुभव देण्याचे उद्दिष्ट तिच्यापुढे होते. दरमहा पाच हजार रुपयांपैकी साडेचार हजार सरकारचे आणि पाचशे कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून, अशी प्रायोगिक टप्प्यातील रचना होती. पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थी आणि एमबीएधारक यांना त्यातून वगळले होते. पण नुकतेच बी.कॉम. वा बीबीए झालेल्यांना ती खुली होती. पहिल्या फेरीत कंपन्यांनी सुमारे १.२७ लाख जागा दाखवल्या आणि ८२ हजारांहून अधिक प्रस्ताव दिले. त्यांतले सुमारे २८ हजार स्वीकारले गेले आणि प्रत्यक्ष रुजू झालेल्यांची संख्या ८,७०० च्या आसपास राहिली. कामाचे ठिकाण, कामाचे स्वरूप आणि वर्षभराचा लांब कालावधी ही त्यामागची कारणे सांगितली गेली.

महाराष्ट्राने त्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. सहा महिन्यांसाठी बारावी उत्तीर्णांना सहा हजार, आयटीआय आणि पदविकाधारकांना आठ हजार, तर पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन राज्य सरकारने द्यायचे, असे तिचे स्वरूप होते. पुढे २०२५ मध्ये मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढवली गेली. मुदत संपत आल्यावर कायम नोकरीच्या मागणीसाठी प्रशिक्षणार्थी आंदोलनात उतरले. दोन्ही योजनांनी तरुणांच्या हाती काही पैसे दिले, हे नाकारता येणार नाही. परंतु विद्यावेतनाचा जवळजवळ सारा भार सरकार उचलते तेव्हा यजमान आस्थापनेला त्या माणसाकडून काही साध्य करून घेण्याची निकड उरत नाही. खुर्ची भरलेली असते, काम मात्र ठरलेले नसते. अशा खुर्चीतून उठलेल्या तरुणाने पुढे काय करायचे, याचे उत्तर कोणाकडेच नसते.

लाभाच्या पाच अटी

नियोक्त्याला खरोखर लाभ हवा असेल, तर त्याने विद्यार्थी येण्याआधी काही गोष्टी ठरवल्या पाहिजेत. पहिली म्हणजे प्रश्न. 'विपणन विभागाचा अभ्यास' हा विषय नव्हे. 'सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतील वितरकांकडून मालाची मागणी का घटली' हा विषय होय. दुसरी गोष्ट मार्गदर्शक. ज्याला वेळ आहे आणि ज्याच्या कामाच्या मूल्यमापनात या जबाबदारीची नोंद होईल, असाच माणूस नेमावा. तिसरी म्हणजे माहिती. आकडे द्यायचे नसतील, तर विद्यार्थी घेऊ नये. अर्धवट माहितीवरचा अहवाल कोणाच्याच उपयोगाचा नसतो. चौथी गोष्ट विद्यावेतन. निदान राहण्या-जेवणाचा खर्च निघेल एवढे ते असावे. आणि पाचवी, अखेरचे सादरीकरण. निर्णय घेणारी व्यक्ती त्या वेळी समोर हवी. शिफारशींपैकी कोणत्या स्वीकारल्या, कोणत्या नाकारल्या आणि का, हे विद्यार्थ्याला सांगितले गेले पाहिजे. त्याला यातून शिक्षण मिळते आणि कंपनीला निर्णयाची शिस्त लागते.

एकट्या लहान कारखान्याला हे सारे जड वाटत असेल, तर एकाच औद्योगिक वसाहतीतील पाच-सहा उद्योजकांनी एकत्र येऊन एका महाविद्यालयाशी करार करण्यास हरकत नाही. जिल्ह्यातील उद्योजक संघटना आणि चेंबर यांनी दरवर्षी फेब्रुवारीपर्यंत सदस्यांकडून असे प्रश्न गोळा करून महाविद्यालयांपुढे ठेवले, तर उन्हाळ्यातली धावपळही टळेल. प्राध्यापकांनीही केवळ प्रमाणपत्रावर सही तपासण्यापुरते न थांबता निदान एकदा प्रत्यक्ष कारखान्यात जाऊन मार्गदर्शकाशी बोलले पाहिजे. त्या भेटीतून पुढच्या वर्षीचा प्रश्न मिळतो आणि अभ्यासक्रमात काय कमी पडते तेही कळते.

कुशल माणसे मिळत नाहीत, ही उद्योगांची तक्रार जुनी आहे. नोकऱ्या मिळत नाहीत, हे पदवीधरांचे दुःखही तेवढेच जुने आहे. या दोघांची वर्षातून एकदा, निदान काही आठवड्यांसाठी गाठ पडते. ते आठवडे उपकाराच्या खाती टाकायचे की व्यवसायाच्या, हे नियोक्त्याने ठरवायचे आहे. यंदा संस्थेचे पत्र टेबलावर येईल तेव्हा 'जागा आहे का' असे मनुष्यबळ विभागाला विचारण्याआधी 'आपल्याकडे कोणता प्रश्न पडून आहे' असे विभागप्रमुखांना विचारले, तरी सुरुवात चांगली होईल.